पंचफुलाबाईच्या राखून ठेवलेल्या गवऱ्या

एकतीस वर्षं मी कृषी सहाय्यक म्हणून नोकरी केली. म्हणजे सरकारनं मला एक पिशवी, एक पेन आणि आठ गावं दिली होती, आणि त्या गावांतल्या शेतकऱ्यांना शहाणं करायचं काम सांगितलं होतं. कुणी कुणाला शहाणं केलं ते आता विचारू नका. माझा स्वभाव मुळात तापट. बाटलीवरचं हिरवं पान दाखवून 'हे टाकल्यावर दुप्पट पिकतंय का, सायब' असं कुणी विचारलं की मी त्याला चार लोकांत झापायचो. मातीला जादूचं औषध नसतं, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. तरी पंचफुलाबाईचं सांगायला बसलो की मला थोडं नमतं घ्यावं लागतं.

उमरीहून धर्माबादकडं जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो. तिथून तीन किलोमीटरवर तिचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला नाल्याकडं तिचं पावणेदोन एकर रान. बाई ठेंगणी, काटक, बोलायला कमी. सभेला आली की मागं भिंतीला टेकून बसायची, शेवटपर्यंत ऐकायची आणि लोक उठले की एकच प्रश्न विचारायची. तो प्रश्न नेमका असा असायचा की मला त्याचं उत्तर येत नसे. तुम्ही म्हणता माती आजारी हाय, मग तिला दुखतंय कुठं, असं तिनं एकदा विचारलं होतं. मी काहीतरी फेकलं, आणि तिला ते कळलंही. पण चारचौघांत तिनं माझी लाज काढली नाही.

दुखत होतं ते मात्र खरं. जमीन तशी काळी, पण जीव गेलेली. पाऊस पडला की पाणी वर उभं राहायचं, उघडला की वर पापडी धरायची, आणि आठ दिवसांत हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. ढेकळं अशी की पायाची नखं जायची. वर्षानुवर्षं नुसता युरिया टाकला, पिकाचं उरलेलं काड जाळून टाकलं, शेणखताची गाडी कधी गेली नाही, त्याचं हे फळ. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी तिच्या रानातली माती तपासायला पाठवली. सेंद्रिय कर्ब आला शून्य पूर्णांक अठ्ठावीस. म्हणजे घर आहे, चूल आहे, पण पिठाच्या डब्यात खडखडाट. तो कागद तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला. वाचता येत नव्हतं, पण आकडा तिला पाठ होता.

तिच्या घरामागं, गोठ्याच्या भिंतीला लागून गवऱ्यांच्या दोन राशी होत्या. एक चुलीची. ती घटायची, वाढायची, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. दुसरी वेगळी. चौथऱ्यावर रचलेली, बाहेरून शेणानं लिंपलेली, वर मेणकापड आणि त्यावर दगड. त्या राशीला कुणी हात लावत नसे. ती पंचफुलाबाईच्या स्वतःच्या सरणाची होती.

ऐकायला कसंतरी वाटतं, पण त्याला कारण होतं. तिचा नवरा भगवानराव गेला तो ऐन भाद्रपदात, झड लागलेली असताना. सहा दिवस सूर्य दिसला नव्हता. घरातल्या गवऱ्या भिजून लगदा झालेल्या. लाकडं ओली. तेव्हा तिचा मुलगा हनुमंत बारा वर्षांचा होता. तो डोक्यावर पोतं घेऊन, हातात टोपली घेऊन घरोघर कोरड्या गवऱ्या मागत फिरला. कुणी पाच दिल्या, कुणी दहा दिल्या, कुणी दारातूनच 'न्हाईत रे बाबा' म्हणून सांगितलं. लोक वाईट नव्हते, पावसाळ्यात प्रत्येकाला आपली चूल होती. पण बापाच्या सरणासाठी पोराला दारोदार जावं लागलं, हे पंचफुलाबाईच्या मनातून गेलं नाही. माझ्या वेळेला असं होऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. दर उन्हाळ्यात चांगल्या शेणाच्या, वाळवून खडखडीत केलेल्या शे-दीडशे गवऱ्या ती त्या राशीत घालायची. एकोणीस वर्षं हे चाललं होतं.

हनुमंत शिकला, लातूरला गेला आणि एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर लागला. बायको दीपाली, पोरगी अक्षरा, दोन खोल्या भाड्याच्या. पोरगा गुणाचा. दर सणाला यायचा, आईला लुगडं आणायचा, आणि दर वेळी एकच सांगायचा: हे रान विकू, लातूरच्या बाहेर एक प्लॉट घेऊ, दोन खोल्या बांधू, तू आमच्यापाशी चल. बांधाला बांध लागून दयानंदचं शेत होतं. तो माणूस सरळ होता, घ्यायला तयार होता, कमी भाव सांगणारा नव्हता. त्याचं शेत एकरी सात-आठ पोती सोयाबीन द्यायचं. पंचफुलाबाईचं अख्खं रान मिळून चार पोती, कधी साडेचार. आमच्याकडं पोतं म्हणजे क्विंटल. चार क्विंटलमध्ये बियाणं, पेरणी, काढणी वजा केली की बाईच्या हाती चारा तेवढा राहायचा.

एका पाडव्याला मी तिच्या ओसरीवर चहा पीत होतो तेव्हा हा विषय तुटेपर्यंत ताणला गेला. रान तिच्या नावावर होतं, अंगठा तिचाच लागणार होता. ती नुसतं नाही म्हणाली असती तरी भागलं असतं. पण नाही म्हणून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं हनुमंताकडं दोन पावसाळे मागितले.

"दोन साल दे. आठ पोती न्हाई झाली तर म्या सवताहून उमरीच्या कचेरीत येऊन अंगठा देते. माझी जबान हाय."

हनुमंतानं कबूल केलं. मी मध्ये साक्षीदार.

मग ती माझ्या मागं लागली. नोकरीतून सुटून मला चार महिने झाले होते, घरात बसून बायकोचं डोकं खात होतो, तेव्हा मलाही बरंच वाटलं. मी तिला सांगितलं, काड जाळू नका, गाडीभर का होईना शेणखत टाका आणि ह्युमिकची आळवणी करा, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळाशी ओता. ह्युमिक म्हणजे काय, तर पालापाचोळा, शेण, मुळ्या कुजून कुजून शेवटी जो काळा अर्क मातीत उरतो तो. माती तोच धरून भुसभुशीत राहते, पाणी धरते, खत धरते. तिच्या रानात तोच संपला होता. माझ्याकडं जुन्या प्रात्यक्षिकातली पोटॅशियम ह्युमेटची, म्हणजे दुकानातल्या ह्युमिकची, चार पाकिटं पडून होती, त्यातली दोन तिला दिली. पहिल्या वर्षी पाच पोती झाली. आठाला अजून तीन कमी.

दुसऱ्या वर्षी बाईनं माझ्याही पुढं उडी मारली. कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं पाहिलं की जुन्या गवऱ्या पाण्यात भिजत घातल्या की ह्युमिकचं पाणी घरीच होतं, गवरी जितकी जुनी तितकं पाणी चांगलं. माझं डोकं तापलं. मोबाइलवर काय, लोक गोमूत्रावर मोटारसायकलही चालवतात. गवरीच्या पाण्यात दुकानातल्यासारखं ह्युमिक किती असतं ते मी आजही छातीठोक सांगणार नाही. पण त्यात शेणाचा कुजलेला कस उतरतो, जिवाणू असतात आणि खाली उरलेला लगदा रानात गेला तर मातीच्या पोटात चार घास पडतात, एवढं मान्य करणं भाग होतं. उपाशी माणसाला भाकरी गव्हाची की ज्वारीची हे विचारू नये. मी म्हटलं, करा.

तिनं चुलीच्या राशीतल्या तळाच्या, दोन वर्षांच्या गवऱ्या काढल्या, फोडल्या आणि दोनशे लिटरच्या टिपाडात पाणी घालून भिजवल्या. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायची. आठव्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं झालं. जुन्या लुगड्यात गाळून तिनं पेरणीनंतर ओळीनं आळवणी केली, लगदा पाटीनं नेऊन रानात पसरला. असं तिनं जून महिन्यापासून चार वेळा केलं. मी जुलैत गेलो तेव्हा सोयाबीन गुडघ्याखाली होतं, पण पान गडद होतं आणि पापडी जवळजवळ नव्हती. एक रोप मी उपटून बघितलं. मुळ्यांना पांढरी तंतुमुळं होती, गाठी होत्या. मी तिच्यासमोर फार कौतुक केलं नाही, पण परत जाताना फाट्यापर्यंत शीळ घालत गेलो.

आता माझी चूक सांगतो. फुलोऱ्याच्या आधी एक फवारणी द्यायची होती. आमच्या भागात तांब्याच्या भांड्यात आठ-दहा दिवस मुरवलेलं आंबट ताक फवारायची पद्धत आहे. बुरशीला बरं, पिकाला बरं असं सगळे मानतात. मीही सभांमधून सांगत आलो होतो: ताकही चांगलं, ह्युमिकही चांगलं. दोन्ही एकत्र करू नका, हे मात्र मी कधीच सांगितलं नाही, कारण कुणी करेल असं मला वाटलं नव्हतं. पंचफुलाबाईनं सरळ हिशेब केला. दोन्ही चांगलं, तर मग एकाच दिवशी, एकाच पंपात. तिची मैत्रीण उमाबाई गावात किराणा दुकान चालवायची आणि दोन म्हशी राखायची. तिच्याकडून बारा लिटर ताक आणून पंधरा दिवस मुरवलं. टिपाडात गवऱ्यांचं पाणी तयार होतं, ते आणखी जोरदार व्हावं म्हणून माझी दोन्ही उरलेली पाकिटं माझ्याकडून मागून नेऊन तिनं त्यात घातली. आणि वरून ताक ओतलं.

ह्युमिक आंबटात टिकत नाही. सगळं टिपाड नासलं. काळा चोथा तळाला बसला, वर पिवळट पाणी. तिनं ते तसंच ढवळून पंपात भरलं, दहा पावलांवर नोझल तुंबलं. साफ केलं, पुन्हा तुंबलं. दुपारपर्यंत पंप बिघडला आणि तिनं मला फोन केला. मी गेलो आणि टिपाडात वाकून बघितलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला झोडपून काढलं असतं. इथं झोडपायचं कुणाला? ती मला म्हणाली, तुमीच सांगितलं होतं ना सायब, दोन्ही चांगलं. रागानं नाही म्हणाली. त्यामुळं मला जास्त लागलं.

ऑगस्ट सुरू होता. पाकिटं संपलेली. चुलीच्या राशीतल्या जुन्या गवऱ्या संपलेल्या, उरलेल्या ओल्या आणि यंदाच्या. मी नांदेडहून आणखी पाकिटं आणतो म्हणालो, तर नाल्यांना पूर येऊन नांदेडच्या वाटेवरचा पूल दोन दिवसांपासून पाण्याखाली होता, कधी उघडेल ते कुणाला ठाऊक नव्हतं. फुलोरा चार-पाच दिवसांवर आलेला. पंचफुलाबाई गोठ्याच्या भिंतीला टेकून त्या लिंपलेल्या राशीकडं बघत बसली. मला तेव्हा कळलं नाही ती काय बघतेय. मी तोंड पाडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तिनं ती रास फोडली.

मला हे उमाबाईकडून कळलं. उमाबाई सकाळी गेली तेव्हा मेणकापड बाजूला पडलं होतं आणि पंचफुलाबाई तळाच्या, एकोणीस वर्षांच्या गवऱ्या कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं फोडत होती. इतक्या हलक्या झालेल्या की हातात घेतल्यावर वजन लागत नव्हतं. उमाबाई घाबरली. सरणासाठी काढून ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या कामाला हात लावू नये, असं सगळं गाव मानतं; तसं केलं की मरण घर बदलतं, दुसऱ्या कुणाच्या दारात जातं म्हणतात. उमाबाईनं तिला हात धरून अडवलं. आमचं लिंगायतांचं एक बरं आहे, आम्हाला बसवून माती देतात, आम्हाला काही साठवावं लागत नाही. पण तुमच्यात असं चालतं का, असं तिनं विचारलं. पंचफुलाबाईनं हात सोडवून घेतला.

"म्या मेल्यावर गाव हाय जाळायला, कुणाच्या तरी निघतील. रान मेलं तर त्याला कोण देणार हाय, अक्का?"

उमाबाई पदर खोचून खाली बसली आणि स्वतःही गवऱ्या फोडू लागली. हे सांगताना तिचे डोळे भरले होते, आणि खोटं कशाला बोलू, ऐकताना माझेही.

गावात मात्र चर्चा झालीच. गावाला दुसरं काम काय? लोकांच्या गवऱ्या मसणात जातात, पंचफुलाबाईच्या शेतात गेल्या, असं दयानंद पारावर म्हणाला आणि चार लोक हसले. पुन्हा तोच दयानंद संध्याकाळी आपला चांगला पंप घेऊन तिच्या दारात आला. माणसाचं असंच असतं, तोंड एकीकडं आणि पाय एकीकडं. गवऱ्या भरपूर होत्या, त्यामुळं तीन दिवसांत पाणी काळंभोर झालं. तिनं ते गाळून फवारलं. नंतर पावसानं उघडीप दिली की पुन्हा आळवणी, असं करत करत पोळ्यापर्यंत ती अख्खी रास टिपाडातून गेली. लगदा पाटीपाटीनं रानात. चौथरा मोकळा झाला.

हनुमंताला यातलं काही माहीत नव्हतं. फोनवर आईनं सांगितलं नाही, आणि मीही नाही.

ऑक्टोबरात मळणी होती. हनुमंत आदल्या संध्याकाळी लातूरहून बसनं आला. मळणी यंत्र रानातच आणलं होतं. सकाळी दहाला सुरू झालं, दुपारी दोनपर्यंत संपलं. दयानंद पोती धरत होता, मी बांधावर बसून मोजत होतो. एक, दोन, तीन झाली. चार झाली तेव्हा अजून ढीग शिल्लक होता. सहावं भरलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. सातवं भरलं. आठव्यात दाणे पडू लागले आणि पोतं निम्म्याच्या थोडं वर येऊन थांबलं. यंत्रवाल्यानं पट्टा उतरवला.

साडेसात. मी खाली पडलेले दाणे, भुसकटातले दाणे झाडून काढायला सांगितले. निघाले अडीच-तीन किलो. मग मी दयानंदच्या कानाशी लागलो की तुझ्या खळ्यावरचं अर्धं पोतं आणून ओत, कुणाला कळणार आहे. माझ्या चुकीनं एक टिपाड नासलं होतं, त्यातच ते अर्धं पोतं गेलं असं माझ्या डोक्यात बसलं होतं. दयानंद, ज्याला ते रान घ्यायचं होतं, तो पोतं आणायला उठलासुद्धा. पंचफुलाबाईनं आम्हा दोघांकडं अशी नजर टाकली की तो पुन्हा खाली बसला. ती घराकडं गेली. कागदांची पिशवी आणायला गेलीय, हे आम्हाला सगळ्यांना कळलं.

हनुमंत हातपाय धुवायला घरामागं गेला होता. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेलो. तो मोकळ्या चौथऱ्यापुढं उभा होता. मला म्हणाला, काका, इथली रास कुठं गेली? मला वाटलं आता याला आईचा राग येणार, किंवा रडू येणार. मी काही लपवलं नाही. ताकाची चूक माझी हेही सांगितलं, टिपाड, उमाबाई, पूर, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग रानाकडं चालू लागला. मी मागं.

रान नुकतं मोकळं झालं होतं. तो मधोमध गेला आणि उकिडवा बसला. पावसाला उघडून अठरा दिवस झाले होते. दुसरं कुठलं साल असतं तर एव्हाना तिथं भेगा असत्या. त्यानं बोटांनी वरची माती सारली. बोटं आत गेली. तो लहानपणी याच रानात मोगरीनं ढेकळं फोडायचा, हाताला फोड यायचे. एक ढेकूळ त्यानं उचललं आणि मुठीत दाबलं, ते चुरलं. चार बोटं खाली माती ओली होती, काळी, आणि तिला वास होता. त्या रानात मला असा वास पहिल्यांदा आला.

तो खाली बघतच बोलला.

"काका, ती रास दर दिवाळीला थोडी उंच झालेली दिसायची. मला वाटायचं माय जायची तयारी करून राहिली. मला घरामागं जायचं भ्या वाटायचं. म्हणूनच तिला लातूरला न्यायचं म्हणत होतो. प्लॉटचं काय, प्लॉट होतोय कधीतरी."

इतकी वर्षं मी त्या पोराला हिशेबी समजत होतो. मनातल्या मनात त्याला बऱ्याच शिव्याही दिल्या होत्या. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पंचफुलाबाई बांधावर आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर नीट घेतलेला, उमरीला जायला निघाल्यासारखी. दयानंद पोत्यांपाशी उभा होता.

"साडेसात झाली, हणमंता. आठ न्हाई झाली. कागद कधी करायचा तेवढं सांग."

हनुमंत उठला. हात झटकले.

"माय, जबान तू मला दिली होतीस न्हवं?"

"हाव."

"मग ती माझी झाली. म्या ती तुला वापस करून राहिलो."

बाईला पटत नव्हतं. दिलेला शब्द असा परत घेता येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडं वळली. सायब, असं चालतंय का, तिनं विचारलं. तिनं आजवर मला विचारलेल्या प्रश्नांपैकी याच एकाचं उत्तर मला येत होतं. चालतंय, मी म्हणालो. दयानंद म्हणाला, मला काय घाई नाही, माझं रान मला पुरतंय. दीपालीला काय सांगायचं ते मी बघतो, हनुमंत म्हणाला, आणि ते सोपं जाणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पंचफुलाबाईनं पिशवी काखेत धरली. वाकून तिनंही मुलानं उकरलेल्या जागी हात घातला, चार बोटं, पाच बोटं, मनगटापर्यंत. सोयाबीननंतर दुसरं पीक त्या रानात भगवानराव असतानाही कधी घेता आलं नव्हतं, ओल राहायचीच नाही.

"मग उद्या जाऊ नको," ती म्हणाली. "ओल हाय तवर हरभरा पेरून जा."

हनुमंतानं सदऱ्याला हात पुसून मोबाइल काढला आणि लातूरला मिलच्या मुकादमाकडं तीन दिवसांची रजा मागितली.